सोलापुरात बघण्यासारखं आहे तरी काय?

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकतोय. आणि गंमत अशी की विचारणारे बाहेरचे नसतात, आपलेच असतात. घरी पाहुणे आले की आपण गाडी ठरवतो. एक दिवस पंढरपूर, एक दिवस तुळजापूर, एक दिवस अक्कलकोट. सोलापूर फक्त जेवायला आणि झोपायला. जाताना शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि दोन चादरी बांधून दिल्या की झालं आपलं कर्तव्य.

यंदा गड्ड्याला आमचं अख्खं घर जमलं. थोरला भाऊ पुण्याहून, बहीण गुलबर्ग्याहून, चुलतभाऊ हैदराबादहून. माणसं एकोणीस आणि त्यात अकरा वर्षांच्या आतली पोरं सहा. बारा जानेवारीला सकाळी आई म्हणाली, "ह्यांना कुठंतरी घेऊन जा बाबा, घर डोक्यावर घेतलंय." घरात सगळ्यात रिकामा दिसणारा माणूस म्हणजे पत्रकार. चुलतभावाला सोबत घेतलं, दोन रिक्षा केल्या आणि निघालो.

आधी भुईकोट किल्ला. पुण्याचा नऊ वर्षांचा पुतण्या सिंहगड बघून आलेला. दारातच म्हणाला, "काका, डोंगर कुठंय?" म्हटलं, भुईकोट म्हणजे जमिनीवरचा कोट. डोंगर नाही म्हणून तर इथं दुहेरी तटबंदी, बुरूज आणि खंदक. बहमनी काळात हा किल्ला उभा राहिला. पुढं अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही ह्याच्यासाठी वर्षानुवर्षं भांडत राहिल्या. नगरच्या चांदबिबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं तेव्हा हा किल्ला हुंड्यात दिला गेला. हे ऐकून अकरा वर्षांची पुतणी म्हणाली, "पण हुंडा घेणं गुन्हा आहे ना?" म्हटलं, बरोबर आहे बाई, म्हणूनच पुढं इतकी भांडणं झाली. १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोच्या फौजेनं किल्ला घेतला आणि सोलापुरावरचं पेशव्यांचं राज्य संपलं.

धाकटीला शू लागली, मधल्याला तहान लागली. लहान पोरांना घेऊन इतिहास बघायचा म्हणजे दर शंभर पावलांवर एक तह करावा लागतो.

तिथून सिद्धेश्वर तळं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर होऊन गेले, बसवेश्वरांच्या काळातले. वचनं लिहिली ती कन्नडमध्ये. तेव्हा ह्या गावाचं नाव सोन्नलगी. सोळा गावं मिळून सोलापूर, असं आपण शाळेत ऐकलं, पण जुनं नाव हे. सिद्धरामांनी लोकांना हाताशी धरून हे तळं खणलं अशी आपली श्रद्धा. ज्या भागात पाऊस कधी येईल ह्याचा भरवसा नाही, तिथं संतानं आधी पाण्याचं काम काढलं, हे मला फार मोठं वाटतं. गड्ड्याची सगळी गोष्ट पोरांना सांगितली. कुंभारकन्येला त्यांच्याशीच लग्न करायचं होतं, त्यांनी आपल्या योगदंडाशी लावून दिलं. सात नंदीध्वज त्या लग्नाच्या वरातीला निघतात आणि बाराबंदी घातलेली माणसं ते पेलतात. कन्नड बोलणाऱ्या संताची यात्रा, गर्दी मराठी, तेलुगू, उर्दू, कन्नड सगळ्यांची. असं आपलं गाव आहे.

मग पार्क चौकाकडं वळलो, चार पुतळ्यांपाशी. आणि इथं माझी फजिती झाली.

बारा जानेवारी असल्यामुळं पुतळ्यांना ताजे हार घातलेले. भाचा सात वर्षांचा. त्यानं विचारलं, "मामा, हे कोण?" म्हटलं, हुतात्मे. "म्हणजे?" देशासाठी फाशी गेलेले. "पण त्यांनी केलं काय होतं?"

मी गप्प झालो. वीस वर्षं पत्रकारिता करतोय. दर बारा जानेवारीला 'हुतात्म्यांना अभिवादन' ही बातमी माझ्याच हातनं जाते. खरं सांगतो, गेल्या वर्षीची बातमी उघडायची, मान्यवरांची नावं बदलायची, पाठवायची. त्यात 'काय केलं होतं' हे एकदाही आलं नव्हतं. मग तिथंच पायरीवर बसलो आणि वाचलेलं सगळं आठवून सांगत गेलो.

१९३० साल. मिठाचा सत्याग्रह चालू. ६ एप्रिलला सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा चढला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. गिरण्या, बाजार, सगळं बंद. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला लोक शिंदीची झाडं तोडत होते, दारूबंदीचा तो कार्यक्रम. पोलिसांनी धरपकड केली, लोक अडवायला गेले, कलेक्टर नाईट आला आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण पहिला बळी गेला. मग जमाव भडकला. मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर हल्ला झाला, दोन शिपाई मारले गेले, कोर्टाला आग लावली. पोलीस गावातनं निघून गेले. पुढचे काही दिवस ह्या शहरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावर उभे राहून गाव सांभाळत होते.

१२ मे रोजी सरकारनं मार्शल लॉ पुकारला, लष्कर आणलं. ३० जूनपर्यंत तो चालला. डोक्यावर गांधी टोपी, हातात झेंडा, एवढा गुन्हा पुरायचा. शिपायांच्या खुनाचा खटला चौघांवर चालला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. हे चौघे त्या जागी नव्हतेच, सरकारला गावाची माणसं हवी होती, हे सोलापूरचं तेव्हापासूनचं म्हणणं. १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी दिली. भगतसिंगांची फाशी त्यानंतर दहा आठवड्यांनी झाली.

एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. निवडून काढायचं म्हटलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. कुर्बान हुसेन तर जेमतेम विशीतला पोरगा. 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचा, गिरणी कामगारांसाठी लिहायचा. म्हणजे माझ्याच धंद्यातला माणूस, आणि मला त्याच्याबद्दल चार ओळींच्या वर कधी लिहावं वाटलं नाही.

भाच्यानं पुढचा प्रश्न टाकला. "ते मेलेले पोलीस पण आपलेच होते का?" म्हटलं, हो रे, शिपाई आपल्याच देशाचे होते, पगार इंग्रजाचा होता. त्यांच्याही घरी पोरं असतील. तो म्हणाला, "मग त्यांना पण हार घातला पाहिजे." ह्याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

शेवटी भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं घर. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. जपाननं चीनवर हल्ला केला तेव्हा भारतातनं पाच डॉक्टरांचं पथक १९३८ मध्ये गेलं, त्यात ते होते. बाकीचे परतले, हे राहिले. तिथल्या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, नाव ठेवलं यिन-हुआ, भारत आणि चीन. पोरगं काही महिन्यांचं असताना ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय ३२. चीनचे पाहुणे त्यांचं घर शोधत सोलापुरात येतात. आपण त्या रस्त्यानं भाजी आणायला जातो.

परतताना गिरणी भाग दाखवला. म्हटलं, पोरांनो, इथं मोठमोठ्या चिमण्या होत्या. चार वर्षांची धाकटी लगेच झाडाकडं बघायला लागली. सांगितलं, धुराच्या चिमण्या. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली. १९४९ मध्ये ती बंद पडली तेव्हा केंद्र सरकारनं फक्त तिच्यासाठी कायदा करून ताबा घेतला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. देशातली वकिलीची पोरं आजही तो खटला अभ्यासतात. भोंग्यावर गाव उठायचं आणि जेवायचं.

आमचे वडील गिरणीतच होते. नव्वदच्या दशकात त्यांची गिरणी बंद झाली. थोरला भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा, शिक्षण सोडून पुण्याला गेला. पैसे पाठवत राहिला म्हणून माझा डिप्लोमा झाला. पोरांना तो नेहमी सांगतो, "सोलापुरात काय नाही बघा." मला त्याचा राग यायचा. त्या दिवशी कळलं, त्याच्यापुरतं खरंच काही उरलं नव्हतं.

रात्री जेवताना पुतणीनं त्याला सगळं सांगितलं, चौघांची नावं न चुकता. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी शाळेला रोज त्या चौकातनं जायचो. एकदा पण थांबलो नाही बघ." दुसऱ्या दिवशी सकाळी नंदीध्वज बघायला निघालो, तर रिक्षा त्यानंच आधी पार्क चौकात थांबवायला लावली.

तर मंडळी, एवढंच सांगायचं होतं. पुढच्या १२ जानेवारीला चार पुतळ्यांपाशी जाताना घरातलं एक पोरगं सोबत न्या. ते प्रश्न विचारेल. उत्तर येत नसेल तर वाचून जा. मी पण यंदा ती जुनी फाईल डिलीट केली आहे.