फुलांच्या दरीचे मेंढपाळ

घांगरियाहून सकाळी निघालं की पुष्पावती नदीवरचा पूल लागतो. पुढचा चढ दमवतो. मग भूर्जाची झाडं विरळ होत जातात आणि फुलांची दरी समोर उघडते. जुलै-ऑगस्टमधल्या पावसात इथे गुडघाभर फुलांमधून पायवाट जाते. तेरड्याची हिमालयातली भावंडं, पोटेंटिला, प्रिम्युला आणि नशीब असेल तर खडकाच्या आडोशाला निळी पॉपी. ब्रह्मकमळ मात्र याहून वर, उंचावर फुलतं.

ही दरी १९३१ साली फ्रँक स्माइदने ‘शोधली’, असं माहितीपत्रकं सांगतात. त्या वर्षी २१ जूनला स्माइद, एरिक शिप्टन, होल्ड्सवर्थ आणि लेवा शेर्पा ७,७५६ मीटर उंचीच्या कामेत शिखरावर पोहोचले. दोन दिवसांनी दुसऱ्या तुकडीबरोबर गढवालचा केशरसिंगही माथ्यावर गेला. परतताना धौली खोऱ्यातून खिंड ओलांडून ही मंडळी थंडीपावसात खाली उतरली, ती थेट फुलांतच. स्माइद १९३७ साली पुन्हा आला, तंबू ठोकून राहिला, बिया आणि रोपं गोळा केली. पुढच्या वर्षी त्याचं ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ प्रसिद्ध झालं आणि पुस्तकाचं नाव दरीला चिकटलं.

१९३९ साली ते वाचलेली जोन मार्गारेट लेग वनस्पती गोळा करायला इथे आली आणि ४ जुलैला कड्यावरून घसरून गेली. तिची समाधी दरीतच आहे. बहुतेक पर्यटक तिथवर जातात, फोटो काढतात आणि परततात.

पण दरीला आधीही नाव होतं. खालच्या भ्यूंडार गावाची ही भ्यूंडार घाटी. उन्हाळा लागला की मेंढपाळ कळप घेऊन वरच्या कुरणांवर, म्हणजे बुग्यालांवर येत आणि थंडीआधी उतरत. नंदाष्टमीला देवीला वाहायचं ब्रह्मकमळही इथल्याच उंचीवरून जाई. स्माइदला दिसलेली फुलं ज्या दरीत फुलत होती, तिथे मेंढ्याही चरत होत्या.

१९८२ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, क्षेत्र सुमारे ८७ चौरस किलोमीटर. चराई बंद झाली. २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव लागलं. दरम्यान एक वनस्पती वाढत गेली: स्थानिक भाषेत अमेला, पॉलिगोनम कुळातली. ती माणसाच्या उंचीची होते आणि तिच्या दाट सावलीत बुटक्या फुलझाडांना जागा उरत नाही. काही अभ्यासकांच्या मते चराई थांबल्यामुळे ती फोफावली. इतरांच्या मते जिथे दरडी-हिमलोटांनी किंवा पूर्वीच्या कळपांच्या मुक्कामांनी जमीन उकरली गेली, तिथेच ती पसरते. दोष बंदीचा नाही. आता वनखात्याला माणसं लावून अमेला उपटावी लागते.

असाच वाद आपल्याकडे कासच्या पठारावर कुंपणावरून झाला. जनावरं बाहेर ठेवली की फुलं वाचतात, हे इतकं सरळ नाही. किती जनावरं, कोणत्या महिन्यात, किती दिवस, यावर सगळं अवलंबून असतं. आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं कुणी असेल, तर तो मेंढपाळच.

भ्यूंडारची माणसं आज खेचरं हाकतात, चहाची दुकानं चालवतात. हेमकुंड साहिबच्या यात्रेच्या वाटेवर साचणारा प्लास्टिकचा कचरा उचलायला त्यांनी समितीही उभी केली. म्हणजे दरीची राखण त्यांच्याकडे आहेच, फक्त दरीच्या दाराबाहेर.

स्माइद इथे कित्येक दिवस मुक्काम करू शकला. आता संध्याकाळच्या आत सगळ्यांनाच बाहेर पडावं लागतं, आणि हा नियम योग्यच आहे. पण आपण एका दिवसाचे पाहुणे. ज्यांचा इथला मुक्काम कायमचा मोडला, त्यांचं नाव माहितीपत्रकात कुठेच नाही. ‘शोध’ हा शब्द खोडून तिथे भ्यूंडार लिहिलं, तर निदान हिशेबाची सुरुवात होईल.