संकेतपृष्ठावरील चित्रफीत : भार आणि वाचक

पुण्याच्या मार्केट यार्डात महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचे (स्थापना १९८४) मुख्यालय आहे. मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे भाव पाहावयास मिळतात. कांद्याचा भाव म्हणजे एक ओळ. अशा ओळीशेजारी चित्रफीत ठेवावयाची झाल्यास त्या ओळीच्या वाचकावर किती भार पडावा, हा प्रश्न उपस्थित होतो.

या प्रश्नाला इतिहास आहे. १९९० नंतरच्या दशकात चित्रफितीसाठी न्याहाळकास बाहेरून जोडप्रणाली पुरवावी लागे; पुढे फ्लॅशने ती जागा व्यापली. २००७ साली ऑपेराने ‘व्हिडिओ’ हा स्वतंत्र घटक सुचविला, २०१४ मध्ये एचटीएमएल ५ प्रमाणित झाले आणि २०२० अखेर फ्लॅशचा आधार संपला. चित्रफीत पृष्ठात ‘जडविणे’ हा शब्दप्रयोग मात्र काहीसा फसवा होय. खडा कोंदणातच असतो. चित्रफीत बहुधा परक्या यंत्राकडून येते, आणि कोणी पाहिली नाही तरी आपली आज्ञावली बरोबर आणते. म्हणून आरंभी केवळ स्थिरचित्र दाखवून, वाचकाने कळ दाबल्यावरच फीत मागविणे अधिक विवेकाचे ठरते. चौकटीची जागा आधीच राखली म्हणजे मजकूर खाली सरकत नाही आणि गाळ्यासमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्यास भाव प्रथम दिसतो.