नांवाचा धनी कोण?

कादंबरीच्या पहिल्या पानावर किंवा चित्रपटाच्या आरंभीं येणारी एक छोटीशी सूचना आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. कथेंतील पात्रें व प्रसंग काल्पनिक असून कोणाशीं साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा, अशा आशयाचीं तीं दोन वाक्यें आपण बहुधा न वाचतांच पुढें जातों. परंतु त्यांच्या मागें अर्ध्या शतकाचा इतिहास उभा आहे. एक फ्रेंच कादंबरीकार, एक वेल्श बॅरिस्टर आणि एक रशियन राजकन्या एवढ्या मंडळींचीं भांडणें त्यांत न्यायालयापर्यंत गेलेलीं आहेत. आणि त्या भांडणांतून जो प्रश्न वर आला तो आजहि पुरतेपणीं सुटलेला नाहीं. लेखकानें मनानें रचलेलें नांव योगायोगानें एखाद्या जिवंत माणसाचें निघालें, आणि पात्राच्या दुर्गुणांचे शिंतोडे त्या माणसावर उडाले, तर तें नुकसान कोणीं सोसावें? लिहिणाऱ्याच्या मनांत कपट नाहीं, आणि ज्याचें नांव त्याच्याकडेहि कांहीं दोष नाहीं. मग त्या नांवाचा धनी कोण समजावा?

हा प्रश्न फार जुना नाहीं. जोंपर्यंत कथेचा नायक राजपुत्र असून कोणत्या तरी कल्पित नगरींत राहत होता, तोंपर्यंत नांवाची फिकीर कोणास करावी लागत नसे. आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर १८६१ सालची हळब्यांची 'मुक्तामाला' किंवा १८६८ सालची रिसबुडांची 'मंजुघोषा' पाहावी. हीं नांवें वाचून पुण्यांतील एखाद्या गृहस्थानें आपल्या लेकीची बदनामी झाली म्हणून तक्रार करावी हें संभवतच नव्हतें. कारण तसलीं नांवें त्या काळीं घरांत फारसें कोणी ठेवीत नसे. पण कादंबरी राजवाडा सोडून माजघरांत, कचेरींत व चाळींत उतरली, तेव्हां पात्रांस नांवेंहि तेथलींच द्यावीं लागलीं. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' मधील यमू ही घरोघरचीच यमू आहे. मात्र अशा सामान्य नांवांत एक प्रकारचें संरक्षणहि असतें. यमू हजारों असल्यामुळें कोणतीहि एक यमू पुढें होऊन 'ही मीच' असें ठासून म्हणूं शकत नाहीं. संकट येतें तें नांव विरळ असलें म्हणजे.

पॅरिस येथें १८८२ च्या आरंभीं हें संकट प्रथम मोठ्या गाजावाजानें पुढें आलें. 'ल गोल्वा' ह्या दैनिकांत एमिल झोला याची 'पो-बुई' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत होती. बाहेरून सभ्य दिसणाऱ्या एका इमारतींतील मध्यमवर्गीय बिऱ्हाडांची आंतली अनीति उघडी करणें हा तिचा विषय. तींत अपील-न्यायालयाशीं संबंध असलेला, चारचौघांत नीतीचा कैवार घेणारा आणि बाहेर रखेली ठेवणारा एक न्यायाधिकारी रंगविला होता. त्याचें आडनांव झोलानें ठेवलें ड्यूव्हर्दी. आतां पॅरिसच्या अपील-न्यायालयांत ड्यूव्हर्दी नांवाचे एक वकील प्रत्यक्षांतच काम करीत होते. त्यांनीं दावा लावला. झोलाच्या बाजूचा युक्तिवाद असा कीं, वास्तव जीवन रंगवावयाचें तर नांवें वास्तवच हवींत, आणि प्रत्येक वास्तव नांवास कोणी ना कोणी धनी असणारच. त्या प्रत्येकाची परवानगी काढावयाची म्हटल्यास कादंबरी लिहिणेंच बंद करावें लागेल. न्यायालयास हें पटलें नाहीं. नांव काढण्याचा हुकूम झाला, आणि ड्यूव्हर्दीचा ड्यूव्हेरिये झाला. कादंबरीचें ह्यामुळें कांहींहि बिघडलें नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पण झोलाचा आक्षेपहि सर्वस्वीं पोकळ नव्हता. कारण ज्याच्या नांवाचें दुसरें माणूस जगांत कोठेंच नाहीं असें पात्र निर्माण करणें ब्रह्मदेवासहि कठीण आहे.

पॅरिसच्या प्रकरणांत निदान नांव बदलून भागलें. ह्यानंतर सव्वीस वर्षांनीं इंग्लंडांत जें प्रकरण झालें त्यांत दंड भरावा लागला, आणि त्यानें साऱ्या इंग्रजी मुद्रणव्यवसायाची झोप उडविली. मँचेस्टरच्या 'संडे क्रॉनिकल' पत्रांत १२ जुलै १९०८ रोजीं फ्रान्सच्या किनाऱ्यावरील दिएप गांवच्या मोटारगाड्यांच्या उत्सवाचें एक खुसखुशीत वर्णन आलें. घरीं सोंवळेपणानें वागणारे इंग्रज गृहस्थ खाडी ओलांडतांच कसे मोकळे सुटतात हें दाखविण्यासाठीं लेखकानें एक पात्र कल्पिलें. तो म्हणे लंडनजवळच्या पेकहॅम येथील चर्चचा एक प्रतिष्ठित कारभारी, आणि येथें मात्र पत्नी नव्हे अशा एका स्त्रीबरोबर हिंडतांना दिसतो. त्याला नांव दिलें आर्टिमस जोन्स. जोन्स हें आडनांव वेल्समध्यें पावलोपावलीं भेटेल; परंतु आर्टिमस हें नांव इतकें विरळ कीं, असें माणूस नसणारच ह्या भरंवशावर लेखक व संपादक निश्चिंत राहिले. योगायोग पाहा: एकोणिसाव्या शतकांत ह्या नांवाची प्रसिद्धि झाली तीच मुळीं एका कल्पित पात्रामुळें. चार्ल्स फरार ब्राउन ह्या अमेरिकन विनोदी लेखकानें 'आर्टिमस वॉर्ड' ह्या टोपणनांवानें लिहून तें नांव घरोघर पोंचविलें होतें.

पण आर्टिमस जोन्स प्रत्यक्षांत होता. थॉमस आर्टिमस जोन्स नांवाचे एक बॅरिस्टर उत्तर वेल्सकडे वकिली करीत असत. ते पेकहॅमला राहत नव्हते, चर्चचे कारभारी नव्हते, आणि दिएपच्या उत्सवासहि गेले नव्हते. इतकेंच नव्हे, तर वकिली करण्यापूर्वीं ते पत्रकार होते, आणि ह्याच 'संडे क्रॉनिकल' मध्यें त्यांनीं स्वतःच्या सहीनें लेख लिहिलेले होते! म्हणजे ज्या वाचकांस हें नांव ठाऊक असण्याचा सर्वांत अधिक संभव, नेमक्या त्यांच्याच हातीं तो अंक पडला. त्यांनीं तक्रार करतांच पत्रानें खुलासा छापला कीं, आमचे काल्पनिक जोन्स म्हणजे हे बॅरिस्टर नव्हेत. जोन्स ह्यांचें तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. खटल्यांत त्यांच्या ओळखीच्या साक्षीदारांनीं सांगितलें कीं, लेख वाचतांना हा आपलाच जोन्स असें आम्हांस वाटलें. लेखकास व संपादकास आपल्या अस्तित्वाची माहिती नव्हती ही गोष्ट स्वतः जोन्स ह्यांच्या बाजूनेंहि मान्य करण्यांत आली. तरीहि ज्यूरीनें त्यांना १७५० पौंडांची भरपाई दिली. अपिलांत एका न्यायाधीशाचें मत विरुद्ध पडलें, पण निकाल कायम राहिला. आणि १९०९ च्या डिसेंबरांत हाउस ऑफ लॉर्ड्सनेंहि तोच उचलून धरला. बदनामी झाली कीं नाहीं हें ठरवितांना लिहिणाऱ्याच्या मनांत काय होतें हें पाहावयाचें नसून समंजस वाचकानें त्या शब्दांवरून कोणास ओळखलें हें पाहावयाचें, असा त्या निकालाचा मथितार्थ.

जोन्स ह्यांची अब्रू पुढें वाढतच गेली. १९१६ सालीं सर रॉजर केसमेंट ह्यांच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यांत आरोपीच्या बाजूनें उभ्या राहणाऱ्या वकिलांत ते होते, आणि पुढें ते न्यायाधीशहि झाले. परंतु कायद्याच्या विद्यार्थ्यांस ते ठाऊक आहेत ते आपल्या कर्तबगारीमुळें नव्हेत, तर दिएपला कधींच न गेलेल्या आपल्या नामधारकामुळें. कल्पित माणसानें खऱ्या माणसास झांकून टाकावें, ह्याहून चमत्कारिक उदाहरण शोधून सांपडावयाचें नाहीं.

हाउस ऑफ लॉर्ड्सनें 'वाचकानें कोणास ओळखलें?' हा जो निकष लावला, तो नांवाच्या साम्यापुरता राहणार नव्हता. वाचक नांवावरून माणूस ओळखतो, तसा नांव नसतांनाहि ओळखतो. ह्या सत्याचा आपल्या महाराष्ट्रांतील पुरावा नेमका त्याच दिवसांतला आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांचें 'कीचकवध' १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. पात्रें सगळीं महाभारतांतलीं, कथा विराटपर्वांतली. कर्झनसाहेबांचें नांव त्यांत औषधालाहि नाहीं. तथापि उन्मत्त कीचक म्हणजे कोण आणि विटंबना सोसणारी सैरंध्री म्हणजे कोण हें पिटांतल्या प्रेक्षकासहि कोणी सांगावें लागलें नाहीं, आणि सरकारासहि लागलें नाहीं. १९१० सालीं नाटकावर बंदी आली. तिकडे नांव जुळलें पण माणूस निराळा, इकडे नांव निराळें पण माणूस जुळला. आणि दोहोंकडे शिक्षा लेखणीसच झाली. दोन्ही गोष्टी सारख्या नव्हेत हें उघड आहे. खाडिलकरांचा बाण नेमका मारलेला होता, तर मँचेस्टरचा दगड अंधारांत भिरकावलेला होता. पण वाचकाच्या ओळखण्याची शक्ति किती मोठी आहे हें दोहोंवरून सारखेंच दिसतें.

ज्या सूचनेपासून आम्ही आरंभ केला तिचा जन्म ह्या दुसऱ्या प्रकारच्या खटल्यांतून झाला. रशियाच्या दरबारांतील रास्पुतिनचा वध १९१६ च्या डिसेंबरांत झाला. त्यांत प्रमुख होते प्रिन्स फेलिक्स युसुपोव्ह. हॉलिवुडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें १९३२ सालीं ह्या प्रसंगावर चित्रपट काढला. त्यांत मारेकऱ्याचें नांव बदललें, त्याच्या सहचारिणीस 'प्रिन्सेस नताशा' असें नांव दिलें, आणि रास्पुतिननें तिला भ्रष्ट केल्याचें सूचित केलें. वर, ह्यांतील कांहीं व्यक्ति अद्याप हयात आहेत, असें आरंभींच्या निवेदनांत अभिमानानें सांगितलें! युसुपोव्ह ह्यांची पत्नी प्रिन्सेस इरिना हिनें लंडनच्या न्यायालयांत फिर्याद केली, आणि १९३४ सालीं तिला २५,००० पौंड मिळाले. तेव्हांपासून चित्रपट-कंपन्या हयात असण्याची बढाई सोडून काल्पनिक असण्याची ग्वाही देऊं लागल्या. पुढें कादंबरीकारांनींहि तीच वाट धरली. पण वरील इतिहास पाहिला म्हणजे ही सूचना म्हणजे कवच नव्हे हें सहज कळेल. 'हा योगायोग आहे' असें अगोदर छापून ठेवल्यानें वाचकाचे डोळे बांधतां येत नाहींत.

जोन्स ह्यांच्या खटल्याचें तर्कशास्त्र शेवटीं कोठें जाऊन पोंचलें तेंहि पाहण्यासारखें आहे. १९३८ सालीं लंडनच्या केंबरवेल भागांतील एका इसमास द्विभार्या-प्रतिबंधक कायद्याखालीं शिक्षा झाल्याची खरी बातमी एका दैनिकानें छापली. त्याच भागांत, त्याच नांवाचा, जवळजवळ त्याच वयाचा दुसरा एक केशकर्तनकार राहत होता. त्यानें फिर्याद केली, न्यायालयानें दैनिकास जबाबदार धरलें, आणि ज्यूरीनें भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा चौथा हिस्सा! खरी बातमी छापूनहि दोषी ठरावें, आणि दोषाची किंमत एवढी व्हावी, ह्यावरून नियम ताणला गेला आहे हें सामान्य माणसासहि दिसूं लागलें. १९५२ च्या कायद्यानें इंग्लंडांत त्याला मुरड घातली. ज्यानें अजाणतां, योग्य ती काळजी घेऊनहि कोणाची बदनामी केली, त्यानें तत्काळ दुरुस्ती व क्षमायाचना देऊं केल्यास त्यास बचाव मिळावा, अशी तरतूद झाली. १९९६ च्या कायद्यानें ती अधिक सुटसुटीत केली.

आपल्या देशांत फौजदारी कायद्यानें हेतूस आरंभापासूनच महत्त्व दिलें आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या ४९९ व्या कलमांत बदनामीचा उद्देश, किंवा बदनामी होईल ही जाणीव वा तसें मानण्यास कारण असल्यावांचून गुन्हा होत नसे; १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनेंहि तेंच धोरण ठेविलें आहे. दिवाणी दाव्यांत इंग्रजी नियम लागू करावा काय, हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापुढें आला होता. अगरबत्तीच्या नांवाखालीं सिलोनांत अफू नेणाऱ्या एकाची बातमी छापली गेली, आणि त्याच गांवचा अगरबत्ती पाठविणारा एक निरपराध व्यापारी लोकांच्या तोंडीं सांपडला. १९७२ सालच्या निकालसंग्रहांत आलेल्या ह्या निर्णयांत न्यायालयानें म्हटलें तें असें कीं, खुद्द इंग्लंडनें जो कठोरपणा सोडला तो न्याय, समता व सद्विवेक ह्यांच्या नांवानें येथें आणण्याचें कारण नाहीं.

आमच्या मतें हा ओघ योग्य दिशेनें आला आहे. मात्र त्याचा अर्थ लेखकानें बेफिकीर व्हावें असा नव्हे. देवलांनीं 'शारदा' नाटकांत लग्नाळू म्हाताऱ्यास भुजंगनाथ आणि मुलीचा पैसा करणाऱ्या बापास कांचनभट हीं नांवें दिलीं, त्यांत केवळ विनोद नव्हता, एक सौजन्यहि होतें. आपलीं आडनांवें पुष्कळदां गांवावरून पडलेलीं असतात. खलपुरुषास एखादें विरळ गांवचें आडनांव, त्याच गांवचा पत्ता आणि त्याच गांवचा धंदा जोडून दिला, म्हणजे तेथील दोनचार घरांपैकीं कोणास तरी उद्यां बाजारांत मान खालीं घालावी लागेल, हें लिहिणाऱ्यानें आधींच ओळखावें. उलट, ज्याचें नांव जुळलें त्यानेंहि आपलें नांव आपल्या एकट्याच्याच मालकीचें आहे असा हट्ट धरूं नये. बारशाच्या दिवशीं आत्यानें तें कानांत सांगितलें तेव्हां तें कोणा ना कोणाचें होतेंच.

कारण नांवाचा खरा धनी लेखकहि नव्हे आणि धारकहि नव्हे. तें वाचकाच्या मनांत ज्या माणसास चिकटतें त्याचें होतें. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' मधील तळीराम १९१९ पासून असा कांहीं चिकटला कीं, तें नांव पुढें एका व्यसनाचेंच नांव झालें. आज तें पाळण्यांत कोण घालील? एवढें सामर्थ्य ज्याच्या हातीं आहे त्यानें चूक दाखविली जातांच ती मोकळ्या मनानें दुरुस्त करावी, आणि समोरच्यानें ती दुरुस्ती तितक्याच मोकळ्या मनानें स्वीकारावी. कायद्याला ह्या गोष्टीपर्यंत पोंचावयास जोन्स ह्यांच्या फिर्यादीपासून जवळजवळ पंचेचाळीस वर्षें लागलीं. सभ्य माणसांस ती एका पत्रांत साधावी.