चिनूक : माशाचे नाव आणि माणसांचा हक्क

‘चिनूक’ हा शब्द आपल्याकडील वृत्तपत्रवाचकांच्या परिचयाचा झाला तो २०१९ मध्ये, भारतीय वायुदलात त्या नावाची अवजड हेलिकॉप्टरे दाखल झाली तेव्हा. अमेरिकेत मात्र तो शब्द प्रथम आठवण करून देतो ती एका माशाची. सॅमनच्या जातींत आकाराने सर्वांत मोठा तो चिनूक सॅमन. हेलिकॉप्टर आणि मासा या दोहोंच्या आधी हे नाव एका जमातीचे होते, आणि ती जमात कोलंबिया नदीच्या मुखाशी राहत होती. आजही राहते. या नावाचा प्रवास आणि ते नाव धारण करणाऱ्या माणसांचा प्रवास किती भिन्न दिशांनी झाला, याची ही हकीकत आहे.

कोलंबिया ही सुमारे दोन हजार किलोमीटर लांबीची नदी कॅनडात उगम पावते आणि ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांच्या सीमेवर पॅसिफिक महासागरास मिळते. तिच्या मुखाशी तटरक्षक दलाने टाकलेला दहा क्रमांकाचा एक बोया आहे. मासेमारीच्या नियमांपुरती नदीची हद्द तेथे संपते व समुद्राची सुरू होते. ऑगस्टमध्ये सॅमनचे थवे समुद्रातून नदीत शिरू लागले, की या बोयाच्या परिसरात शेकडो मोटारबोटी जमतात. त्या गर्दीत अलीकडच्या काळात एकेकट्या माणसाच्या कयाकही दिसतात. प्लॅस्टिकची अरुंद होडी, हाती वल्हे, पाठीमागे रोवलेली गळाची काठी आणि अंगात थंड पाण्यापासून बचाव करणारा पोशाख, एवढाच या मंडळींचा सरंजाम.

या कयाकवाल्याचे खरे वेळापत्रक घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालते. भरतीचे पाणी मासे आत आणते, त्या पाण्याबरोबर त्यानेही आत यायचे आणि ओहोटीने जोर धरण्यापूर्वी काठ गाठायचा. नदीचा प्रवाह आणि ओहोटी एक झाली, की वल्ह्याचे काही चालत नाही. होडी थेट मुखावरच्या वाळूच्या दांड्याकडे ओढली जाते आणि तेथे समुद्राच्या लाटा उभ्या राहून फुटतात. गेल्या सव्वादोन शतकांत या परिसरात सुमारे दोन हजार लहानमोठी जहाजे बुडाली, म्हणून त्यास ‘पॅसिफिकची दफनभूमी’ म्हणतात. आठ-दहा किलोंचा चिनूक गळाला लागला, तर तो माणसासकट कयाक ओढत नेतो. मासा कोणत्या दिशेने ओढतो आहे, हे त्या क्षणी माशाइतकेच महत्त्वाचे असते.

आपल्या बाजारात रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याची रीत आहे, परंतु रावसाचे आणि सॅमनचे नाते नाही. सॅमनच्या स्वभावाशी तुलना करावयाची तर ती पाल्याशी, म्हणजे हिलसाशी करता येईल. भरूचजवळ नर्मदेच्या मुखातून पावसाळ्यात पाला जसा अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात चढतो, तसाच सॅमन चढतो. फरक एवढाच, की पाला समुद्रात परत जाऊ शकतो, पॅसिफिकमधला चिनूक मात्र आपल्या जन्माच्या ओढ्यापर्यंत पोहोचून, अंडी घालून, तेथेच मरतो. नदीचे मुख हे म्हणूनच त्या वाटेवरचे वेशीचे दार आहे. जो वेशीवर बसतो, त्याच्यासमोरून सारी मिरवणूक जाते.

या वेशीवर चिनूक लोक पिढ्यान् पिढ्या बसले होते. कयाक ही त्यांची होडी नव्हे. ती उत्तर ध्रुवाकडील इन्युइट आणि अल्यूत लोकांची, लाकडी सांगाड्यावर प्राण्यांचे कातडे ताणून केलेली. चिनूकांची होडी तांबड्या सीडर वृक्षाचे एकच खोड कोरून, त्यात गरम पाण्याची वाफ धरून रुंद केलेली असे. १८०५ च्या हिवाळ्यात लुइस आणि क्लार्क यांची मोहीम या मुखाशी पोहोचली, तेव्हा ज्या लाटांत आपला टिकाव लागणार नाही असे गोऱ्या प्रवाशांस वाटे, त्या लाटांतून हे लोक सहज ये-जा करीत. माशाविषयीचे त्यांचे नियमही काटेकोर होते. हंगामातील पहिल्या सॅमनचा विधिपूर्वक मान केला जाई आणि तो आडवा कापू नये असा दंडक होता. १८११ मध्ये मुखाशी वसलेल्या अॅस्टोरिया ठाण्यातील व्यापाऱ्यांनाही मासे हवे असतील, तर हा दंडक पाळावा लागे.

मार्च १८०६ मध्ये परतीच्या वेळी मोहिमेला एक होडी कमी पडली. किंमत परवडेना, तेव्हा चिनूकांच्याच गोतातील क्लॅटसॉप लोकांची एक होडी त्यांनी न विचारता नेली. त्यांनी आमच्या शिकारीचे मांस नेले होते, अशी मनाची समजूत त्यांनी घातली. घटना लहान होती. पुढे जे घडले, त्याची मात्र ती नांदी ठरली.

१८३० नंतरच्या तापाच्या साथींनी नदीकाठची बहुसंख्य वस्ती नष्ट केली. उरलेल्यांशी ऑगस्ट १८५१ मध्ये टॅन्झी पॉइंट येथे अमेरिकी सरकारच्या प्रतिनिधीने करार केले. पूर्वजांच्या स्मशानभूमी आणि मासेमारीच्या जागा सोडून जाणार नाही, एवढा एकच आग्रह या लोकांनी धरला, आणि तो कागदावर मान्यही झाला. परंतु अमेरिकेच्या सिनेटने या करारांना मंजुरी दिली नाही. चार वर्षांनी, १८५५ मध्ये, नदीच्या वरच्या भागातील याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स यांच्याशी झालेले करार मात्र पुढे मंजूर झाले. आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क त्यांत राखून ठेवलेला होता.

१८६६ मध्ये हॅपगुड आणि ह्यूम बंधूंनी कोलंबियाकाठी सॅमन डबाबंद करण्याचा पहिला कारखाना काढला. पहिल्या वर्षी सुमारे चार हजार पेट्या निघाल्या, १८८३ मध्ये हा आकडा सहा लाखांवर गेला. त्यानंतर चिनूक सॅमनची आवक घटत गेली. पुढे धरणे आली. १९३८ च्या बॉनव्हिल धरणाला माशांसाठी जिना ठेवला होता, १९४२ मध्ये पुऱ्या झालेल्या ग्रँड कुलीला तोही नव्हता, आणि १९५७ मध्ये सिलायलो धबधब्यावरची प्राचीन मासेमारीची जागा डॅल्स धरणाच्या पाण्याखाली गेली. पूर्वी वर्षाला एक कोटी ते एक कोटी साठ लाख सॅमन आणि स्टीलहेड ही नदी चढत, असा अंदाज आहे. आज त्याचा लहानसा अंश उरला आहे आणि त्यातही मोठा भाग मत्स्यबीज केंद्रांत वाढविलेल्यांचा. अशा पिलांच्या शेपटीजवळचा पाठीवरील छोटा पर कापून खूण केलेली असते. खूण नसलेला मासा नैसर्गिक पैदाशीचा असू शकतो म्हणून अनेक हंगामांत तो पाण्यात सोडावा लागतो.

वरच्या भागातील जमाती आपला जुना कागद घेऊन न्यायालयात गेल्या. १९६९ च्या निकालाने कोलंबियावरील माशांत त्यांचा न्याय्य वाटा मान्य केला. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ड्ट यांनी वॉशिंग्टन राज्यातील करारबद्ध जमातींना पकडण्याजोग्या माशांच्या निम्म्या वाट्याचा हक्क दिला. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. वेशीवरच्या चिनूकांजवळ मात्र दाखवावयास मंजूर कागदच नव्हता. जानेवारी २००१ मध्ये सरकारने त्यांना जमात म्हणून मान्यता दिली आणि २००२ मध्ये ती काढून घेतली. त्यामुळे ज्या माशाला आपल्या पूर्वजांचे नाव आहे, तो मासा धरण्यासाठी चिनूक माणसाला बोया क्रमांक दहाजवळच्या कोणत्याही हौशी कयाकवाल्याप्रमाणे राज्याचा परवाना काढावा लागतो.

या कहाणीत एक परतफेडही आहे. २०११ मध्ये क्लार्कच्या वंशजांनी त्या १८०६ मधील होडीची प्रतिकृती चिनूकांना अर्पण केली. दोनशे पाच वर्षांनी एका कुटुंबाने आपल्या पूर्वजाचे देणे मान्य केले. राष्ट्राचे देणे अद्याप बाकी आहे.

प्रांतांच्या सीमा आपल्या घरांना वळसा घालून आखल्या गेल्या, तेव्हाचा अनुभव आपल्या अनेक कुटुंबांच्या स्मरणात आहे. म्हणून कागदावरील एका ओळीचे मोल आपणांस निराळे सांगावयास नको. नाव टिकले म्हणजे माणसे टिकली असे होत नाही. नाव हेलिकॉप्टरालाही देता येते. हक्काची नोंद मात्र ज्याची त्यालाच द्यावी लागते, आणि चिनूक लोक भरती-ओहोटी मोजत त्या नोंदीची वाट आजही पाहत आहेत.