आयरिश भाषेतील पेयवाचक शब्द : इतिहासाच्या पुराव्याची एक कसोटी

आयरिश भाषेच्या बहुतेक प्राथमिक पाठ्यपुस्तकांत पेयांच्या नावांची एक लहानशी यादी असते. पाणी म्हणजे ‘इश्के’, दूध म्हणजे ‘बान्ये’, चहा म्हणजे ‘ते’, द्राक्षाचे मद्य म्हणजे ‘फीन’, जवाचे मद्य म्हणजे ‘ब्योर’ किंवा ‘ल्यान’, आणि व्हिस्की म्हणजे ‘इश्के बाहा’. (येथे आयरिश शब्द स्थूल उच्चारानुसार दिले आहेत.) विद्यार्थी हे शब्द एका बैठकीत पाठ करतो. परंतु ते एका काळाचे नाहीत आणि एका मार्गाने भाषेत आलेले नाहीत. यास्तव इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा राहतो : शब्द परका ठरला, तर त्याने दर्शविलेली वस्तूही परकी ठरते काय? या प्रश्नाचे उत्तर या छोट्या यादीच्या आधारे देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम वारशाने आलेल्या शब्दांचा विचार करू. ‘इश्के’ हा शब्द ज्या मूळ धातूपासून निघाला, त्याच धातूपासून संस्कृत ‘उदक’ हा शब्द सिद्ध झाला आहे. मधापासून केलेल्या मद्याचे प्राचीन आयरिश नाव ‘मिद्’ हे संस्कृत ‘मधु’ या शब्दाचे सगोत्र असून, आपला ‘मध’ त्याच कुळातला आहे. तहान या अर्थाचा ‘तार्त’ हा शब्द ‘तृष्णा’शी, आणि म्हणून मराठी ‘तहान’शीही, नाते सांगतो. प्राचीन आयरिशमध्ये ‘पितो’ या अर्थी ‘इविद्’ असे क्रियारूप होते. केल्टिक भाषांत आद्य पकाराचा लोप होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ते संस्कृत ‘पिबति’चे भावंड आहे हे सहज पटते. मात्र हे क्रियापद पुढे मागे पडले व त्याची जागा ‘ओल’ या शब्दाने घेतली. आयरिश लोकांनी पिणे काही सोडले नव्हते; केवळ शब्द बदलला. शब्दाचा लोप हा क्रियेच्या लोपाचा पुरावा नव्हे, हा पहिला धडा येथेच मिळतो.

दुधाच्या बाबतीत तोच प्रकार आढळतो. ‘बान्ये’ या शब्दाचा जुना अर्थ ‘थेंब’ असा होता. दुधासाठी पूर्वी ‘म्लिख्त’, पुढे ‘ब्लिख्त’ असा शब्द रूढ होता व त्याचा अवशेष दुभत्या गाईच्या आयरिश विशेषणात आजही टिकून आहे. आयर्लंडच्या प्राचीन कायद्यांत गाय हे मूल्यमापनाचे एकक होते. अशा समाजात दुधाचे नाव बदलले, याचा गोपालनाच्या इतिहासाशी काही संबंध जोडता येत नाही.

आता सर्वांत बोधप्रद असे उदाहरण घेऊ. ‘ब्योर’ हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतून आला, असे कोशकार मानतात. नॉर्स लोकांच्या आयर्लंडवरील स्वाऱ्या इ. स. ७९५ मध्ये सुरू झाल्या व डब्लिन येथे त्यांनी ८४१ मध्ये तळ ठोकला. एवढ्यावरून जवाचे मद्य करण्याची कला आयरिश लोकांनी या आक्रमकांकडून घेतली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो टिकत नाही. इ. स. ७०० च्या सुमारास रचलेल्या ‘क्रिथ गाव्लख’ या विधिग्रंथात राजाच्या आठवड्याचा क्रम सांगितला असून, त्यात रविवार मद्यपानासाठी राखून ठेविला आहे. तेथे मद्यासाठी ‘कुर्म’ हा शब्द येतो. हाच शब्द त्याहूनही कितीतरी जुना आहे : पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझ याने जवाच्या ‘कुर्मि’ नामक पेयाचा उल्लेख केला असून, वेल्श भाषेतील ‘कुरू’ हा शब्द त्याच मुळाचा आहे. म्हणजे वस्तू देशी व प्राचीन. नवे नाव तेवढे परके. आणि जुना ‘कुर्म’ तरी कोठे गेला? तो नाहीसा झाला नाही. पानाकडून पानगोष्टीकडे, तेथून मेजवानीकडे असा त्याचा अर्थविस्तार झाला व संगीताच्या जोडीने त्याला ‘संगीताची मैफल’ असा आधुनिक अर्थ प्राप्त झाला. आज संगीतसभेला जाणारा डब्लिनकर नकळत मद्याचेच जुने नाव उच्चारतो.

‘इश्के बाहा’ची कथा याच्या नेमकी उलट आहे. येथे दोन्ही शब्द अस्सल आयरिश आहेत. परंतु ‘जीवनाचे जल’ ही कल्पना लॅटिन वैद्यकाची असून हा शब्द म्हणजे लॅटिन संज्ञेचे अक्षरशः भाषांतर होय. ऊर्ध्वपातनाचे ज्ञान मध्ययुगीन विद्वानांच्या द्वारे पश्चिमेकडे पसरले, त्याबरोबर ही संज्ञाही आली. इ. स. १४०५ च्या नोंदीत आयरिश बखरकारांनी एका सरदारपुत्राचा अतिपानाने मृत्यू झाल्याचे सांगून, जीवनाचे जल त्याला मृत्यूचे जल ठरले, अशी कोटी केली आहे. कोटी करता येते, याचाच अर्थ तोवर हा शब्द वाचकांच्या परिचयाचा झाला होता. पुढे त्याच शब्दाचा पूर्वार्ध इंग्रजीने उचलला व तो ‘व्हिस्की’ या रूपाने जगभर पसरला. ज्या भाषेने कल्पना उसनी घेतली, तिनेच जगाला शब्द दिला.

मग परक्या शब्दावरून काहीच सिद्ध होत नाही काय? तसे म्हणणेही अतिरेकाचे ठरेल. ‘फीन’ हा लॅटिनमधून आलेला शब्द आहे. आणि द्राक्षाचे मद्य आयर्लंडमध्ये बाहेरूनच येत असल्यामुळे येथे वस्तू व नाव यांचा प्रवास जुळतो. ‘ते’ हा शब्द तर आपल्या आगमनाचा काळही सुचवितो. चीनच्या फूज्यान किनाऱ्यावरील उच्चार डच व्यापाऱ्यांमार्फत इंग्रजीत आला व आरंभी इंग्रज लोक त्याचा उच्चार ‘टे’ असाच करीत. ‘टी’ हा उच्चार नंतरचा. आयरिशने तो पहिला उच्चार उचलून जतन केला. आपला ‘चहा’ मात्र ‘चा’ या दुसऱ्या चिनी उच्चाराचा वंशज आहे. तात्पर्य, शब्दाचे रूप तो कोणाच्या तोंडून आला हे सांगते. वस्तू कोठून आली हे ठरविण्यास स्वतंत्र पुरावा लागतो.

या विवेचनाला केवळ भाषाशास्त्रीय कुतूहलापुरते मर्यादित महत्त्व नाही. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगपासून आयरिशच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न सुरू आहेत. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले. परंतु शिक्षणसंस्थेबाहेर ती रोज बोलणारे ७१,९६८ च भरले. अशा स्थितीत भाषेतील उसन्या शब्दांकडे पराभवाची खूण म्हणून पाहण्याची वृत्ती बळावणे स्वाभाविक आहे. पेयांची यादी मात्र निराळी साक्ष देते. लॅटिन, नॉर्स व इंग्रजी यांच्याकडून ही भाषा घेत राहिली, ती जिवंत व्यवहाराची भाषा होती तेव्हाच. वरील दोन आकड्यांतील अंतर उसन्या शब्दांनी निर्माण केलेले नाही. घराघरांतील संभाषण थांबल्यामुळे ते पडले आहे. भाषेच्या ऱ्हासाची कारणे शोधणाऱ्या अभ्यासकाने शब्दकोशापेक्षा स्वयंपाकघराकडे आणि बाजाराकडे अधिक लक्ष द्यावे, हेच या छोट्या यादीचे सांगणे आहे.