धुऱ्यावरची सिंदी तोडण्याआधी हे वाचा

पऱ्हे टाकायच्या आधी धुरे साफ करायला घेतले की आमच्या वडसा भागात पहिली कुऱ्हाड सिंदीवर पडते. काटेरी झाड, त्यात दारूचं, ठेवून करायचं काय? आज या झाडाचा इतिहास सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

जुन्या सिंदीचं खोड नीट बघा. एका हंगामात एका बाजूला छेद, पुढच्या हंगामात उलट बाजूला. म्हणून खोड नागमोडी होतं. खाचा मोजा, किती हंगाम रस निघाला ते कळतं. झाडाचा हिशोब झाडावरच लिहिलेला! चंद्रपूरचं सिंदेवाही, वर्ध्याचं सिंदी, या गावांच्या नावांतही हेच झाड ऐकू येतं.

आपण झाडालाही सिंदी म्हणतो अन् दारूलाही. घोळ तिथंच झाला. रात्रभर मडक्यात जमलेला रस पहाटे गोड असतो, ती नीरा. ऊन चढलं की तो आंबतो. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं लांबतं आणि लगेच आटवला तर गूळ होतो. साधारण दहा लिटर नीरेला किलोभर.

हे काम आपल्या विदर्भातच मोठं झालं. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, वर्ध्याच्या मगनवाडीत. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. ताडा-सिंदीच्या गुळाचं काम गजानन नाईकांनी उचललं. कुमारप्पांचं म्हणणं सरळ होतं: ऊस चांगली जमीन अन् पाणी खातो, सिंदी पडीत जागेत, नाल्याकाठी आपोआप वाढते. मग गूळ तिचाच का नको? दारूबंदी हवी असलेल्या माणसांनीच हे झाड जपायला सांगितलं, हे लक्षात घ्या.

पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्यात नीरा अन् ताडी वेगळ्या, पण नीरा काढायलाही परवाना लागतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ती हवीच. पण बंदी दारूवर आहे, झाडावर नाही.

रस नको काढू, झाड तर ठेवा. पानांचे फडे होतात, चटया होतात, सुगरण खोपे बांधते, मुळं बोडीची पाळ धरून ठेवतात. काळजी थोडीच लागते:

• फड्यासाठी खालची पानं घ्या, मधला कोंब सोडा. या झाडाला वाढीचा शेंडा एकच. गाभा काढून खाल्ला की झाड मेलं.
• बुडाशी धुरा पेटवू नका.
• नर अन् मादी झाडं वेगळी असतात. फळं हवी तर दोन्ही राखा.
• बी ताजंच लावा, पाळीवर, जागच्या जागी.

तुमच्या धुऱ्यावर खाचांची सिंदी आहे का? खाचा मोजून सांगा. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, शेवटची खाच कोणत्या साली पडली. ते सांगणारी माणसंही आता थोडीच उरली आहेत.