आफ्रिकेतील नारू निर्मूलन

आफ्रिकेतील नारू निर्मूलन ही नारू या परजीवी कृमिरोगाचे समूळ उच्चाटन करण्यासाठी १९८० च्या दशकापासून चालू असलेली सार्वजनिक आरोग्य मोहीम आहे. या रोगावर लस नाही व परिणामकारक औषधही नाही. त्यामुळे पिण्याच्या पाण्याची शुद्धता, लोकशिक्षण व गावपातळीवरील देखरेख हेच मोहिमेचे आधार राहिले आहेत.

प्रसार
नारूच्या अळ्या असलेले सायक्लॉप्स पाण्यावाटे पोटात गेल्याने संसर्ग होतो. सुमारे वर्षभराने मादी कृमी बहुधा पायाच्या त्वचेतून बाहेर पडू लागते. दाह शमविण्यासाठी रुग्ण पाण्यात उतरला की ती अळ्या सोडते व पाणवठा पुन्हा दूषित होतो. कृमी काडीला गुंडाळून हळूहळू बाहेर काढावी लागते. या काळात रुग्णास शेतीची कामे करणे अशक्य होते.

मोहीम
१९८६ मध्ये आफ्रिका व आशियातील २१ देशांत दरवर्षी सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असल्याचा अंदाज होता. त्याच वर्षी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटरने मोहिमेचे नेतृत्व स्वीकारले. पाणी कापडाने गाळणे, रुग्णास पाणवठ्यापासून दूर ठेवणे, पाण्यात टेमेफॉस टाकणे व सुरक्षित विहिरी खोदणे हे मुख्य उपाय होते. १९९५ मध्ये सुदानमधील यादवी युद्धात कार्टर यांच्या मध्यस्थीने काही महिने शस्त्रसंधी झाली व आरोग्य कर्मचाऱ्यांना दुर्गम गावांत पोहोचता आले.

सलग किमान तीन वर्षे एकही स्थानिक रुग्ण न आढळल्यास जागतिक आरोग्य संघटना देशाला नारूमुक्त घोषित करते. भारताला २००० मध्ये, नायजेरियाला २०१३ मध्ये व घानाला २०१५ मध्ये हा दर्जा मिळाला.

आव्हाने व सद्यस्थिती
निर्मूलनासाठी प्रथम १९९५ ही मुदत ठरली होती; ती वारंवार पुढे ढकलून आता २०३० करण्यात आली आहे. नारू प्रामुख्याने माणसांतच टिकतो, असा समज होता. मात्र २०१२ पासून चाडमध्ये कुत्र्यांत मोठ्या प्रमाणावर संसर्ग आढळू लागला. त्यामुळे कुत्र्यांना बांधून ठेवणे व माशांची आतडी पुरणे हेही मोहिमेचे भाग झाले. २०२४ मध्ये जगभरात केवळ १५ मानवी रुग्ण नोंदले गेले, ते सर्व चाड व दक्षिण सुदानमधील होते. परंतु संसर्ग झालेल्या प्राण्यांची संख्या सहाशेहून अधिक होती.